खान्देशी कॉमेडीवाल्यांस भिलाटीतून खुले पत्र

प्रति,
अहिराणीत, लेवा बोलीत आणि मराठीत विनोदी व्हिडिओ, रील नि मीम करणारे खान्देशातले तमाम भाऊ, आणि त्यांच्यात अधूनमधून दिसतात त्या दोन-चार बहिणी,

जोहार.

मी शहादा तालुक्यातली. भिलाटीत, म्हणजे गावाच्या भिल्ल वस्तीत जन्मले, तिथूनच शाळेत गेले, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुमचे व्हिडिओ मी बघते, आणि आवडीने बघते. लग्नात मानाचा टॉवेल आखूड मिळाला म्हणून रुसलेला जावई, कापसाच्या भावावर पारावर बसून कृषिमंत्र्याला अक्कल शिकवणारे आबा, भरीत पार्टीला वांगी मी आणली तर तेल कुणी आणायचं यावरून तुटलेली दोस्ती, हे सगळं आपल्याकडचं आहे आणि तुम्ही ते बरोब्बर पकडता. पुण्याच्या होस्टेलवर आपलं पोरगं 'काय करी ऱ्हायना रे भो' म्हणालं की बाकीची फिदीफिदी हसायची. त्याच बोलीतले व्हिडिओ आज लोक शोधून शोधून बघतात, नाशिक-मुंबईला गेलेले खान्देशी तर रात्री झोपण्याआधी बघतात. हे श्रेय तुमचं. मी ते नाकारत नाही.

तक्रार आहे ती तुमच्या एका पात्राबद्दल.

तुमच्या व्हिडिओत एक भिल्ल असतो. कधी त्याचं नाव सोम्या, कधी मंगळ्या, कधी नुसतंच 'ए भिल'. तोंडाला काळं पॉलिश, कमरेला पंचा, हातात देशीची बाटली, खांद्याला जत्रेतलं प्लास्टिकचं धनुष्य. तो शेतात कामाला येतो आणि बांधावर झोपतो. विहिरीवरच्या मोटारीची वायर चोरतो. उचल मिळाली की सरळ गुत्त्यावर जातो. आणि जी भाषा बोलतो ती सातपुड्याच्या अलीकडे-पलीकडे कुणीच बोलत नाही. शेवटी मालक पायताण काढतो, मागून एक विचित्र आवाज येतो, व्हिडिओ संपतो. वेगवेगळ्या चॅनलांवर हा एकच माणूस मी इतक्यांदा पाहिलाय की त्याचं रेशनकार्ड काढून द्यावंसं वाटतं.

तुम्ही म्हणाल, मॅडम, विनोद आहे, विनोदासारखा घ्या. घेतला असता. पण रविवारी तुम्ही टाकलेला सोम्या सोमवारी माझ्या वर्गात येतो. मधल्या सुट्टीत चौथीची पोरं त्याची नक्कल करतात. मालक कोण होणार आणि 'तू भिल हो' असं कुणाला सांगायचं, यासाठी त्यांना चिठ्ठ्या टाकाव्या लागत नाहीत. आमच्यात पूर्वीपासून ज्या वारी मूल जन्मलं त्या वाराचं नाव ठेवायची पद्धत. एक पोरगी माझ्यामागे लकडा लावून बसली होती, 'मॅडम, पटावरचं माझं नाव बदला.' बुधवारी जन्मली म्हणून आजीने हौसेने ठेवलेलं नाव होतं ते. तिला आता परी व्हायचंय. परीवर कुणी व्हिडिओ करत नाही, एवढा हिशोब नऊ वर्षांच्या पोरीला कळतो.

तरी मी भावना दुखावल्या म्हणून लिहीत नाही. भावना दुखावलेल्यांची रांग सध्या फार लांब आहे आणि तिच्यात उभं राहायला मला सवड नाही. माझं म्हणणं तुमच्या धंद्याच्या भाषेतच सांगते: हा माल शिळा आहे आणि वर भेसळीचा आहे.

शिळा किती? इंग्रजांनी १८१८ साली पेशव्यांकडून खान्देश घेतला, तेव्हा डोंगरातल्या भिल्ल नाईकांनी त्यांना सुखाने बसू दिलं नाही. साहेबाच्या दप्तरात भिल्ल म्हणजे दारू आणि दरोडा, ही नोंद त्या काळातली. पुढे १८२५ मध्ये त्याच साहेबाने भिल्लांचीच पलटण उभी केली. धरणगावला तिचं ठाणं, जेम्स आउट्रम तिचा प्रमुख. म्हणजे ज्यांना दरोडेखोर म्हणून लिहिलं त्यांच्याच हातात बंदूक देऊन सांगितलं, जा, आता दरोडे पडणार नाहीत ते बघा. मला यात विनोद दिसतो. तुम्हाला दिसतो का?

अजून एक घ्या. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधवा घाटाची राखण करायचं काम खाज्या नाईकाकडे होतं, सरकारी पगारावर. १८५७ ला खाज्या नाईक आणि भीमा नाईक बंडात उतरले आणि सुमारे ७ लाखांचा सरकारी खजिना घाटात लुटला गेला. राखणदारच खजिना घेऊन गेला! त्या दिवशी साहेबाच्या बंगल्यावर काय गोंधळ उडाला असेल, कुणी कुणावर बिल फाडलं असेल, वरच्या साहेबाला पत्र कसं लिहिलं असेल. पुढची गोष्ट हसायची नाही. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला लढाई झाली, भिल्ल बायका-पुरुष मेले, पकडले गेले. खाज्या नाईकाला दगा देऊन मारलं. भीमा नाईक काळ्या पाण्यावर गेला आणि १८७६ मध्ये अंदमानातच वारला. एवढा सगळा ऐवज घराच्या मागच्या डोंगरात पडलेला असताना तुमच्या व्हिडिओत त्यांच्या पणतवंडांना अजून वायरचोरीचंच काम मिळतं.

आता भेसळीचं, म्हणजे दारूचं बोलते.

तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराज होऊन गेले, आमच्यातलेच. १९३० च्या दशकात त्यांनी आरती सुरू केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांशी मानाने बोला, एवढंच सांगणं. आरतीला डोंगरातून, सपाटीवरून हजारोंनी भिल्ल यायला लागले आणि दारू सोडून घरी जायला लागले. भिल्ल पितो म्हणून ज्यांनी इतकी वर्षं नाकं मुरडली, त्यांनी खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण भिल्लाने दारू सोडली तर दारूच्या दुकानदाराने काय करायचं? १९३८ मध्ये महाराज गेले. भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं आणि त्यांच्यावर हद्दपारीची पाळी आली. दारू पाजली म्हणून कुणी हद्दपार झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

नंतर शहाद्याची चळवळ. १९७१ साली पाटीलवाडीला भुकेल्या भिल्लांवर गोळ्या चालल्या. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. आमचे अंबरसिंग सुरतवंती भजनं म्हणत गावोगाव फिरायचे, लोक त्यांना महाराज म्हणायचे. गहाण पडून गेलेल्या जमिनी परत द्या, मजुरी वाढवा, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराला सुट्टी द्या, अशा मागण्या. १९७४ ला ते गेले, फार लवकर गेले. या चळवळीतल्या बायकांची गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. त्या जथ्याने दारूच्या भट्ट्यांवर चालून गेल्या आणि मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत उभं करून माफी मागायला लावली.

माझी मावशी त्या जथ्यात होती. तिने फोडलेल्या मडक्यांत एक तिच्या सख्ख्या दिराचं होतं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो तिच्या दारात येऊन मडक्याचे पैसे मागायचा आणि दर आखाजीला ती त्याला एक नवं कोरं मडकं द्यायची, पाण्याने भरून. सणाचा दिवस, दारात आलेल्याला भरली घागर नाकारायची कशी? तो ती डोक्यावर घेऊन शिव्या देत घरी जायचा. अख्खी भिलाटी ते बघायला बाहेर यायची. भावांनो, दारुड्या भिल्ल दाखवायचाच असेल तर खुशाल दाखवा, आमच्यात दारुडे आहेत, तुमच्यातही आहेत, फक्त तुमचे ढाब्यावर बसतात. पण मग त्याच्या मागे मुसळ घेऊन धावणारी बाईही दाखवा. ती मात्र तुमच्या कास्टिंगमध्ये कधीच बसत नाही.

होळीच्या रीलवाल्यांनाही याच पत्रात सांगून टाकते. अक्कलकुव्याच्या काठीला होळीला मोठी गर्दी होते. अंगावर नक्षी काढलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले बुध्या तिथे रात्रभर नाचतात. ही नवसाची माणसं असतात, कडक पथ्य पाळणारी. तुम्ही कॅमेरा घेऊन येता, त्यांच्या नाचाखाली भलतंच डिस्को गाणं चिकटवता आणि वर लिहिता, 'जंगलात पार्टी'. पंढरीला चाललेल्या वारकऱ्याच्या रीलवर असं कराल? नाही करणार, कमेंटमध्ये काय होईल ते ठाऊक आहे. आमची कमेंट करणारी माणसं अजून कमी आहेत, हाच काय तो फरक.

आणि निकालाच्या दिवसांतले ते कोट्याचे मीम. डॉक्टर भिल्ल असेल तर ऑपरेशन धनुष्यबाणाने करेल, वगैरे. जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ ला त्यांनी आत्महत्या केली. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचे आरोप झाले, खटला उभा राहिला. त्याचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. मी एवढंच म्हणते की आमची पोरगी डॉक्टर होते तेव्हा तिच्या आधी तिच्याबद्दलचे तुमचे विनोद कॉलेजात पोचलेले असतात.

बरं, टीका पुष्कळ झाली. आता तुम्हाला एक विषय फुकट देते. खान्देशातलाच आहे, खरा आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे यापेक्षा मोठा विनोद घडलेला नाही.

१९२९ चा ऑक्टोबर. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारने समिती नेमली होती आणि तिचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे खान्देश आला होता. काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळ्याच्या लाइनवर एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, तिथे जाऊन चौकशी केली आणि पुढच्या गाडीने चाळीसगावला परत आले. रात्री आमच्याकडे राहा, असा तिथल्या महारवाड्याचा आग्रह होता. स्टेशनावर माणसं हार घेऊन उभी. बाहेर टांगे उभे. महारवाडा दोनेक मैलांवर, नदीपलीकडे. पण कुणी हलेना. तासभर बाबासाहेब नुसते उभे. शेवटी एक टांगा आला. टांगेवाला आणि ते, दोघंच. बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी पुढे गेली.

दोनशे पावलंही झाली नसतील, टांगा मोटारीवर आदळता आदळता वाचला, तोही पोलीस ओरडला म्हणून. पुढे नदीवरचा फरशीचा पूल. कठडे नाहीत, कडेला अंतराअंतरावर रोवलेले नुसते दगड. पुलावर चढायला काटकोनात वळायचं. तिथे घोडा बिथरला, चाक दगडावर आदळलं, बाबासाहेब उडून फरशीवर पडले आणि टांगा घोड्यासकट नदीत गेला. त्यांची शुद्ध हरपली. पायाचं हाड मोडलं. महारवाड्यातल्या बायका-पोरांनी रडून आकांत केला.

रोज ये-जा करणारा टांगेवाला याच पुलावर कसा चुकला? चौकशी केल्यावर त्यांना कळलं, आणि त्यांनी ते स्वतःच लिहून ठेवलंय. स्टेशनावर तासभर वाटाघाटी चालल्या होत्या. अस्पृश्य उतारूला बसवून टांगा हाकणं टांगेवाल्यांच्या इभ्रतीत बसत नव्हतं. आपल्या बॅरिस्टरने पायी चालत यावं हे महारवाड्याला सहन होत नव्हतं. मग तोड निघाली: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. हाकणारा तुमचा तुम्ही बघा.

बघा हं. घोडा बाटत नाही. गादी बाटत नाही. चाकं बाटत नाहीत. भाड्याचे पैसे तर नाहीच नाही. बाटतो तो फक्त लगाम धरणारा हात! हे ज्याने शोधून काढलं त्या टांगेवाल्याला मी मनापासून दाद देते. धर्मही राहिला, धंदाही राहिला. मग महारवाड्यातल्याच एकाने, त्यात काय एवढं म्हणत लगाम हातात घेतला. आयुष्यात त्याने टांगा हाकला नव्हता. थोडं पुढे गेल्यावर मागे कोण बसलंय याची त्याला जाणीव झाली आणि हातपाय गळाले.

बाबासाहेबांनी यात आपल्या माणसांनाही सोडलेलं नाही. माझा मान राखायच्या नादात त्यांनी माझा जीव धोक्यात घातला, असं ते सरळ लिहितात. आणि टांगेवाल्याबद्दल लिहितात ते असं की, परदेशात शिकून बॅरिस्टर झालेला माणूस अस्पृश्य असेल तर भाड्याचा टांगेवालासुद्धा स्वतःला त्याच्याहून वरचा समजू शकतो. आरडाओरडा नाही, विशेषणं नाहीत. पाय मोडलेला माणूस इतक्या थंडपणे ही गोष्ट सांगतो, की वाचणाऱ्याला आधी हसू येतं आणि मग आपण हसलो याचं कसंतरी होतं. विनोदाची शिकवणी लावायची असेल तर इथे लावा.

पुढे १९३७ च्या जुलैत ते वकील म्हणून धुळ्याच्या कोर्टात आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. त्या आठवणीला दर ३१ जुलैला तिथे यात्रा भरते, तुमच्यातले काही जण व्हिडिओ करायलाही जातात. टांग्याची गोष्ट मात्र माझ्या ओळखीच्या चाळीसगावच्या दोन मास्तरांनाही ठाऊक नव्हती.

आता हा प्रसंग तुमच्या हातात दिला तर तुम्ही काय कराल, ते मी डोळे मिटून सांगते. तुम्ही त्या टांगा हाकता न येणाऱ्या माणसावर हसाल. धांदरट, भेदरलेला, लगाम सुटलेला, 'मेलो मेलो' करणारा. पॉलिश लावायलाही तोच सापडेल. कारण तो हाताशी आहे आणि उलटून बोलणार नाही. मी म्हणते, कॅमेरा पुलावरून उचला आणि स्टेशनावर आणा. तो एक तास दाखवा. चार टांगेवाले, बिडी, आणि चर्चा: उतारू मागे तोंड करून बसला तर चालेल का? घोड्याला नंतर आंघोळ घातली तर? भाडं दुप्पट दिलं तर बाट किती उतरतो? ही पात्रं तुम्हाला शोधायला जावी लागणार नाहीत. तुमच्या पारावरचे आबा आहेतच, त्यांना फक्त टांग्यावर बसवा.

असले आबा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जवळून पाहिलेत. माझे आजोबा सालदार होते. आखाजीला साल ठरायचं, आखाजीला फिटायचं, आणि हिशोब असा व्हायचा की फिटून फिटून थोडं उरायचंच, मग पुढचं साल. मालकाच्या गोठ्यातल्या कोनाड्यात त्यांची कपबशी वेगळी ठेवलेली असायची, दांडा तुटलेली. त्यात वरून चहा ओतायचे. आजोबा घरी येऊन आजीला सांगायचे, 'मालकाच्या घरात सतरा माणसं, कुणाचाच स्वतःचा कप नाही. कुणीही कुणाच्याही उष्ट्यात पितो. अख्ख्या वाड्यात स्वतःचा कप फक्त माझा.' मालकीण कधी बाहेरगावी गेली की परत आल्यावर ते तिला काळजीने विचारायचे, 'माय, माझ्या कपातून कुणी प्यायलं तर नाही ना?' ती बिचारी शपथ घेऊन सांगायची, नाही रे बाबा, कुणी हात लावलेला नाही. या सालदारांची एकमेकांत चालणारी थट्टा जर कुणी तेव्हा रेकॉर्ड केली असती तर तुमचे निम्मे चॅनल बंद पडले असते.

आता एक गोष्ट लिहायची राहिलीय, जिच्यात हसू नाही.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हा मेसेज तेव्हा मोबाईल-मोबाईलवर फिरत होता. मंगळवेढ्याकडचे पाच जण आले होते, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना. तो भाग आदिवासींचा आहे, जमावात आमची माणसं होती. मी भिल्ल आहे म्हणून ही ओळ गाळली तर वरचं सगळं पत्र फाडून टाकावं लागेल. ज्यांना कुणी विनाकारण चोर ठरवलेलं असतं, त्यांनाही दुसऱ्याला चोर ठरवायला वेळ लागत नाही.

तुम्ही म्हणाल, याचा कॉमेडीशी काय संबंध, ती तर अफवा. संबंध असा. मुलं पळवणारा दिसतो कसा, हे त्या मेसेजमध्ये नीट लिहिलेलं नव्हतं. ते लिहावंच लागलं नाही. झोळी, मळका सदरा, अनोळखी बोली, दारात येऊन हात पसरणारा, हा चेहरा लोकांच्या डोक्यात आधीच तयार होता. तो काही एका दिवसात तयार होत नाही. त्यात शाळेतल्या गोष्टी असतात, 'झोळीवाला नेईल' म्हणून पोराला झोपवणारी आई असते, पोलिसांचं जुनं दप्तर असतं, आणि हसत हसत पुढे पाठवलेली पाच-पन्नास मीमही असतात. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांच्यावरचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर तो अजून लागू आहे.

आणि हे भटके म्हणजे तुमच्या धंद्यातले तुमचेच थोरले, हे तुमच्या लक्षात आलंय का? अंगावर खाकी चढवून, हातात दंडुका घेऊन दारात येणारा बहुरूपी आठवा. 'चला पाटील, वॉरंट आहे तुमच्या नावाचं, बायकोचं ऐकत नाही म्हणून,' असं म्हणत तो गावातल्या सगळ्यात बड्या माणसाच्या दारात उभा राहायचा. पाटलाला अटक करायचा तो, पाटलाच्या गड्याला नाही. गड्याला अटक करण्यात मजा कसली, त्याला तर खरे पोलीसही करतात. मालेगावच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या पोरांनी मुंबईच्या बड्या हिंदी पिक्चरांची नक्कल करून जगाला हसवलं, तेही याच वाटेने. डाकू घोड्यावरून येतात तर आमचे सायकलवरून येतील, म्हणाले. गरिबी लपवली नाही आणि गरिबावर हसलेही नाहीत.

तेव्हा माझं मागणं असं. पॉलिशची डबी फेकून द्या, ती बुटालाच लावा. भिल्लाचं पात्र हवं असेल तर भिलाटीतल्या पोराला घ्या आणि संवाद त्याचे त्याला लिहू द्या. तुम्हाला वाटतं तेवढा तो मुका नाही. टिमलीच्या गाण्यांवर आमच्या पोरांनाही लाखांनी व्ह्यूज मिळतात, तुमच्या दयेची गरज त्यांना नाही. हां, पैसे मात्र तुमच्या बाकीच्या कलाकारांना देता तेवढेच द्या. सोम्याला वडापाववर राबवून घेतल्याच्या कहाण्या माझ्यापर्यंत आल्यात आणि तो विनोद मला अजिबात कळलेला नाही. जुने व्हिडिओ काढून टाका म्हणून मी मागे लागणार नाही. काढलेत तर बरं, नाही काढलेत तर निदान माझ्या पोरांना मोठेपणी कळेल की २०२० च्या आसपास गावातली हुशार पोरं काय करत होती.

आणि टांग्याचा व्हिडिओ कराच. आखाजीची सुट्टी धरा, शाळा बंद असते, मीही येईन. मोटारीपुढे हात आडवा करून ओरडणारा पोलीस मी होईन, आवाज वर्गात कमावलेला आहे. संवाद अहिराणीत ठेवा. बॅरिस्टरच्या तोंडी फारसे संवाद नकोतच, त्या तासभरात ते नुसते उभे होते. टांगेवाल्यांची कामं तुमच्यातल्या ज्यांनी आजवर सोम्या केला त्यांनाच द्या, त्यांना हावभाव चांगले जमतात. घोडा सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेला आमच्या गावात एकाकडे आहे, तो द्यायला तयार आहे. टांगा शोधावा लागेल. फक्त पुलावरच्या शॉटला हाकणारा सराईत बघा, आणि त्याची मजुरी आधीच ठरवून घ्या.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार